बंपरवरची लाट

बाबांनी बंपरवर मऊ फडकं ठेवलं, डोळे मिटले आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश हात नेला.

“झालं. उद्या क्रोमला पाठवा.”

घराखालच्या आमच्या वर्कशॉपमध्ये सासऱ्यांच्या हातापुढे अपील नाही. जुन्या गाडीच्या मालकाला बंपर अगदी सलग हवा होता, म्हणून त्यावरचे उभे गार्ड काढले, बोल्टची भोकं वेल्डिंगने बुजवली. वेल्डिंग आणि घासणं नवऱ्याचं, पण पत्रा सपाट झाला की नाही ते बाबांचा तळवा सांगणार. क्रोमचा चकचकीत मुलामा चढल्यावर पत्र्यातली बारीकशी लाटही लख्ख दिसते, आणि मग इलाज नसतो.

जिन्यातून सासूबाई म्हणाल्या, “त्या बंपरला कुरवाळता तेवढं मला कुरवाळलं असतंत तर!”

“तुला कधी घासायला लागलं नाही ना.”

“मीच घासतेय की. तुमची भांडी!”

सगळे हसले. माझ्या कडेवरच्या लेकीनं, पिल्लूनं, तेवढ्यात बंपरवर चिकट हात उमटवला. मी तेच फडकं घेऊन पुसायला गेले, तर डाव्या भोकाच्या जागी हाताखाली काहीतरी खाली गेलं आणि वर आलं. पुन्हा हात फिरवला. तेच.

“अरे, इथे खोल लागतंय का?” मी नवऱ्याला हळूच विचारलं.

“बाबांनी बघितलंय ना? तू पिल्लूच्या कपाळाला दहादा हात लावतेस आणि दहाही वेळा तुला ताप लागतो.”

हे काही खोटं नव्हतं. त्यानं उजवीकडची एक कड ग्राइंडरनं जराशी मारली, “गरम आहे हं,” म्हणाला आणि वळला. बाबांनी त्या घासलेल्या कडेवर हात टेकवलेलाच होता. तो त्यांनी उचलला नाही. ते बाजूला झाल्यावर मी बोट लावलं, तर असा चटका बसला की बोट तोंडातच घातलं.

पिल्लूला रोज संध्याकाळी आंघोळ बाबाच घालतात. पाणी तेच बघतात.

मग वाटलं, जन्मभर हातोडा धरलेले हात, कातडी जाड झाली असेल. माझी आईसुद्धा गरम पातेलं नुसत्या हातानं उतरवते. पिल्लूला कधी भाजलेलं नाही. उलट पाण्यातून काढलं की भोकाड पसरते. पण मग ती लाट? बोलावं तर बाबांच्या हातावर आख्ख्या घरासमोर बोट ठेवायचं, न बोलावं तर पोरीच्या जिवाला घोर. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

संध्याकाळी नळ सुरू झाल्याचा आवाज आला आणि मी जवळजवळ धावतच गेले. पिल्लूला मांडीवर घेऊन बाबा टबाशी वाकडेतिकडे होऊन बसले होते. बोटं नव्हे, कोपर पाण्यात होतं.

मला पाहून ते तसेच राहिले.

“कोपराला कळतं अजून,” ते म्हणाले.

“आणि बोटांना?”

“हिला मी कधी कोपर लावून बघितल्याशिवाय पाण्यात नाही घातलं, सूनबाई.”

मला रडावं की रागवावं कळेना. पोरीसाठी एवढी काळजी, आणि खाली मात्र ते डोळे मिटून बेधडक ‘झालं’ म्हणत होते.

“बाबा, डाव्या भोकाजवळ लाट आहे.”

त्यांनी पिल्लूला टबात बसवलं आणि तिच्या पाठीवर पाणी सोडलं. “त्याला सांगू नकोस. माझा हात गेला, तर मी खाली जाऊन काय करू?”

मी टॉवेल घेऊन पिल्लूला उचललं.

सकाळी टेम्पो दारात असताना बाबांनी बंपर थांबवला. “डावीकडे अजून घास.”

“कालच तर पास केलात!”

“आज नापास.”

नवरा घासत गेला, बाबा फडक्यावरून हात फिरवत गेले. “बघू, पोरीला दाखव तिचा हात कुठे उमटला होता ते,” म्हणून त्यांनी मला जवळ बोलावलं. पिल्लूला दाखवायचं निमित्त करून मी तळवा फिरवला आणि मान हलवली. अजून नाही. पुन्हा घासलं. पुन्हा नाही. तिसऱ्यांदा हाताखालून पत्रा सरळ निघून गेला.

“झालं,” बाबा म्हणाले.

“बघितलंस?” नवरा अभिमानानं मला म्हणाला, “याला म्हणतात हात!”

“हो ना,” मी म्हणाले.

बंपर टेम्पोत चढला. मी कुणाला सांभाळलं आणि कुणाला फसवलं, ते मला अजून नीटसं कळलेलं नाही. बाबा म्हणाले, “दुपारी मागचा बंपर घेऊ. पोरीला झोपवून ये.”