आवाजाचं गाऱ्हाणं

"ह्या तुझा मशीन बहिरा आसा गो बाय!"

शेवंतीकाकी अळवाच्या वाफ्यात उभी राहून भांडत होती. हातातला विळा तिने खाली ठेवला नव्हता, म्हणून आवाज मोजायला आलेल्या रुचिरा मॅडम दोन पावलं मागे सरकल्या होत्या.

भांडुपला आमच्या चाळीमागे कंपनीची भिंत आणि भिंतीपलीकडे कंपनीचं पॉवर हाऊस. भिंतीलगतच्या चार हात चिखलात काकी अळू, माठ पिकवते. गावची शेती सुटली, पण मातीची खोड सुटली नाही. पॉवर हाऊसच्या तीन मशिनी एकदम चालल्या की घरातली भांडी फळीवर थरथरतात. काकीने प्रदूषण मंडळाकडे तीन अर्ज केले, तेव्हा कुठे मॅडम आल्या.

"मावशी, त्रेपन्न डेसिबल आलं ना. दिवसा पंचावन्नपर्यंत चालतं. मी काय करू?"

"आज गप आसा तो मेलो! काल येवक व्हया होता तू. नातू झोपेत दचकून दचकून रडता, म्हणान सुनेन त्येका चिपळूणाक न्हेल्यान. आवाज थांबलो तरच येतलंय म्हणता दीप्ती. तीन म्हयने पाळणो रिकामो आसा माझो."

मी बाजूला मान खाली घालून उभा होतो. मी सहदेव. बावीस वर्षं त्याच पॉवर हाऊसात कामाला. तपासणीची कुणकुण लागली की मी आत फोन करायचा आणि त्यांनी दोन मशिनी बंद ठेवायच्या, असं साहेबांशी ठरलेलं. बदल्यात माझ्या लेकीला, स्वरदाला, कंपनीत कायम करणार होते. मॅडम येणार हे काकीनेच मला आदल्या दिवशी सांगितलं होतं, घरचा माणूस म्हणून. त्रेपन्न आकडा ऐकून मला आधी हायसं वाटलं, हे सांगायचीसुद्धा लाज वाटते.

मॅडम गेल्या आणि अर्ध्या तासात तिन्ही मशिनी सुरू झाल्या.

"ऐकलंस?" काकी म्हणाली. "कोणतरी आतसून खबर देता. मशीन फसात, देव नाय फसाचो. रविवारी गाऱ्हाणा घाल, सहदेवा."

चाळीच्या तोंडाशी आमच्या देवाची घुमटी आहे. गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराचा, आधी बाबांचा, आता माझा. मी देवाला सांगायचं आणि दर वाक्याला सगळ्या चाळीने होकार भरायचा. रविवारी सकाळी झाडून सगळे जमले. मी नारळ हातात घेतला.

"बा देवा म्हाराजा! शेवंतीचो नातू सुखान घराक येवंदे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"जो कोणी आतसून खबर देता, त्येका सुबुद्धी दे म्हाराजा!"

"सुबुद्धी कित्याक?" काकी कडाडली. "त्येचाय पोर त्येच्यापासून लांब जावंदे, असा म्हण!"

मी मागे वळून पाहिलं. मागे स्वरदा हात जोडून उभी होती. पण गाऱ्हाणं अर्ध्यावर टाकता येत नाही. मी म्हटलं, आणि सगळ्यांत मोठा "व्हय म्हाराजा" माझ्या स्वरदाचा आला.

मग मला राहवलं नाही.

"तो मीच, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" चाळ सवयीने ओरडली. मग एकेकाचे हात खाली आले.

काकी शिव्या घालील असं वाटलं. तिने माझ्या हातातला नारळ काढून घेतला आणि दुसरा हात पुढे केला.

"मोबाइल दी. मॅडमीक परत बोलावतंय. ती येवन जायसर ह्यो माझ्या कमराक ऱ्हवतलो."

गुरुवारी मीटरवर एकोणऐंशी आले. कंपनीला नोटीस गेली, मशिनींभोवती आवाज अडवायला जाड भिंत उठतेय. दीप्ती गणपतीला पोराला घेऊन यायची आहे. काकीने मोबाइल परत दिला, वर अळवाची जुडी.

स्वरदाने त्याच रविवारी बॅग भरली. "बाबा, माझ्या नावावर केलंत ना हे? मला विचारलंत तरी?" एवढंच बोलली. आता मुलुंडला मैत्रिणीकडे राहते. माझा फोन उचलत नाही.

परवा काकी म्हणाली, "चल, तुझ्या चेडवासाठी, स्वरदासाठी गाऱ्हाणा घालूया. मी म्हणतंय ना!"

मी नको म्हटलं. देवाने एकदा ऐकलंय माझं.