दुसऱ्या अंकातला डॉक्टर

दुसऱ्या अंकात डॉक्टर आला आणि अख्खं थिएटर हसून हसून लोळायला लागलं. वरच्या स्वस्तातल्या बाकावर बसलेल्या केझाया टनिक्लिफच्या पायांखालची मात्र जमीन सरकली.

रंगमंचावरचा डॉक्टर चिनीमातीच्या कारखान्यातल्या बायांच्या हिरड्या तपासत होता. बाई तोंड उघडायची, तो "पुढची!" म्हणायचा, की दुसरी. जिच्या हिरडीवर शिशाच्या विषाची निळी रेघ उमटली होती, म्हणजे जिचं काम जाणार होतं, ती मागच्या मागे सटकायची, आणि एक धडधाकट शेजारीण दुसऱ्यांदा रांगेत शिरून तिच्या नावानं तोंड उघडायची. डॉक्टरला पत्ता नाही. तो हिरड्या बघायचा, चेहरा कधी बघायचाच नाही.

हसण्यासारखंच होतं म्हणा. पण हे खरं होतं. हॅन्ली गावच्या कारखान्यात, भांड्यांवर शिशाची चकाकी चढवणाऱ्या झिलईखात्यातल्या बाया सहा वर्षं दर महिन्याला हेच करत आल्या होत्या. ती धडधाकट शेजारीण म्हणजे केझाया. काहींच्या अंगाला शिसं लागतच नाही, त्यातली ती. आणि हे सगळं त्या नाटककाराला सांगणारी बयाही तीच. खाली पुढून तिसऱ्या रांगेत खरा डॉक्टर प्रिंगल बायकोला घेऊन बसला होता. आजूबाजूचे लोक वळून वळून त्याच्याकडे बघत होते. तो काही हसत नव्हता.

सेड्रिक वेनलॉक गेल्या शरदात लंडनहून आला होता. धोब्याकडे राबणाऱ्या पोरींवर त्यानं कादंबरी लिहिली होती, दुकानात डांबून ठेवलेल्या विक्रेत्या मुलींवर नाटक. समाजाची गळवं फोडणारा लेखक, असं पेपरवाले म्हणत. आता त्याला शिशावर लिहायचं होतं. केझायाची पुढची खोली त्यानं तीन आठवडे भाड्यानं घेतली, तिच्या हातच्या ओटाच्या पोळ्या बेकनबरोबर चापल्या, चहावर चहा ढोसला, आणि वहीत लिहीत बसला. खाल्ल्या घरचे वासे मोजणं यालाच म्हणतात. पण तेव्हा तिला तसं वाटलं नव्हतं. तेव्हा तो तिला देवासारखा वाटला होता, कारण त्यानं हेस्टरबद्दल विचारलं.

हेस्टर तिची एकुलती एक. एकोणीस वर्षांची पोर, आईशेजारीच उभी राहून बश्या झिलईत बुडवायची. आधी मनगटं लुळी पडली, मग डोळे गेले, मग झटके, आणि अकराव्या दिवशी संपली. प्रिंगलनं मृत्यूच्या दाखल्यावर 'फिट' एवढंच लिहिलं. चर्चचा पाद्री म्हणाला, देवाची मर्जी. केझाया प्रिंगलच्या दारात तीनदा जाऊन भांडली होती, शिसं लिहा म्हणून, आणि तीनदा दार तोंडावर आपटलं होतं. वेनलॉकनं मात्र शेवटपर्यंत ऐकलं, मध्ये एकदाही घड्याळ न बघता. मग काय, मन मोकळं झालं आणि जीभ सैल सुटली. आम्ही त्या प्रिंगलला कसं बनवतो हेही तिनं हसत हसत सांगून टाकलं. हात दाखवून अवलक्षण!

एकच गोष्ट तिनं सांगितली नव्हती. हेस्टरच्या जागीही चार महिने तीच तोंड उघडून उभी राहिली होती.

"नावं घालू नका हं," ती म्हणाली होती.

"एकही नाही," वेनलॉक म्हणाला होता, आणि पठ्ठ्यानं शब्द पाळला. म्हणून तर त्याला धरायची सोय नव्हती.

नाटकानंतरच्या सोमवारी प्रिंगल तपासणीला आला तो मुकादमाला शेजारी उभा करूनच. "ही कोण? नाव सांग. चेहरा इकडे." दुपारपर्यंत निळी रेघ असलेल्या पाच बाया सापडल्या. पाचींनाही घरी पाठवलं, झिलईखात्याचं दार बंद. त्यात फीबी ब्लूअर होती, जिचा नवरा मातीच्या धुळीनं छाती भरून दोन वर्षं खाटेवर पडला होता आणि जिची चार पोरं खायला मागत होती.

दुसऱ्या दिवसापासून गल्लीत केझायाशी कुणी बोलेना. नळावर ती आली की बाया बादल्या अर्ध्या टाकून निघून जायच्या. बुधवारी फीबी मात्र सरळ घरात घुसली.

"तुझ्या घशात काय अडकलं होतं गं तेव्हा? लंडनचा शिष्ट गोड बोलला आणि तू आमचं पोटच वाढून दिलंस त्याच्या ताटात!"

"मला काय माहीत तो हे नाटकात घालेल..."

"मग कशात घालणार होता, लोणच्यात?" फीबी पदर खोचून भांडावं तशी कमरेवर हात ठेवून उभी होती. "ऐक. मुकादम म्हणतो, प्रिंगलला कामावरून बाया काढायची हौस नाही. त्याला गाव हसलंय, ते झोंबलंय. ते खोटं होतं असं कुणी चारचौघांत सांगितलं, तर आपलं नाक वर राहिलं म्हणून तोच आम्हाला परत घेईल. शनिवारी तुझा तो लेखक येतोय ना भाषण ठोकायला? त्याला म्हणायला लाव, मी कल्पनेनं लिहिलं. तू बिघडवलंयस, तू निस्तर."

शनिवारी दुपारी चर्चच्या सभागृहात सभा होती. शिशाची झिलई बंद करा असा अर्ज पार्लमेंटला जायचा होता, आणि वेनलॉक त्यावर बोलणार होता. सभेआधी केझायानं त्याला मागच्या खोलीत गाठलं. तो हातमोजे काढत होता.

"मिसेस टनिक्लिफ! नाटक पाहिलंत?"

"पाहिलं. पाच बाया घरी बसल्यात त्यापायी. आज तुम्ही उभं राहून सांगायचं, तो डॉक्टरचा प्रवेश मनचा आहे म्हणून."

त्याचं हसू मावळलं. "तसं नाही करता येणार मला. अख्खा अर्ज त्या नाटकाच्या खरेपणावर उभा आहे. मंत्री विचारतायत, हे खरं का? एक प्रवेश खोटा म्हटला की सगळंच खोटं ठरलं."

"कायदा येईल तेव्हा येईल. तोवर फीबीची पोरं काय तुमचं नाटक खाणार?"

"आणि ती कामावर राहिली तर पोरांना आई राहणार नाही!" आता तोही चिडला. "ती युक्ती बायांना मारते, कळतंय का तुम्हाला? त्या डॉक्टरनं वेळेवर रेघ पाहिली असती, तर तुमची मुलगी आज जिवंत असती. जी बाई तिच्या जागी उभी राहिली, तिनं तिला मारलं."

त्याला माहीत नव्हतं. नसलं म्हणून काय झालं? केझायाला वाटलं, उचलावी ती शाईची दौत आणि हाणावी याच्या टाळक्यात. ती बाहेर आली आणि बायांच्या बाकावर फीबीशेजारी जाऊन बसली.

"काय म्हणाला?" फीबीनं विचारलं.

"नाही म्हणाला."

"मग?"

केझाया मंचाकडे बघू लागली.

वेनलॉक बोलला, छान बोलला, मेला. लंडनहून आलेल्या बायकांनी रुमाल काढले, दोन पेपरवाले भराभरा लिहीत होते. तो थांबला तसा पहिल्या रांगेतून प्रिंगल उठला. मान लालबुंद झालेली.

"चौदा वर्षं मी या गावात डॉक्टरकी करतोय. मला गाढव ठरवणारी ही गोष्ट तुम्हाला कुणी सांगितली, ते कळू द्या की!"

"नाव मी सांगणार नाही," वेनलॉक म्हणाला.

"कारण नावच नाही!"

"आहे," केझाया म्हणाली आणि उभी राहिली. आवाज खणखणीत निघाला. "मी सांगितलं त्यांना. आणि खोटं सांगितलं."

सगळी सभा वळली.

"माझ्याकडे राहायला होते साहेब. रोज संध्याकाळी चहाबरोबर यांना कुणाचं तरी दुःख लागायचं. नसलं की तोंड पडायचं बिचाऱ्यांचं. मग मी आपली रचून रचून द्यायची. डॉक्टरसाहेबांना फसवणं काय सोपं आहे? असं कधी झालं नाही, होणारही नाही."

पुरुषांच्या बाकांवर कुणीतरी खो खो हसलं आणि हसू पसरत गेलं. या वेळी लोक वेनलॉककडे बघून हसत होते. प्रिंगलची मान हळूहळू निवळली. पाद्र्यानं अर्जाचा कागद टेबलावर उलटा ठेवला.

वेनलॉक मंचाच्या कडेपर्यंत आला. ओठ पांढरे पडले होते. "आणि तिसऱ्या अंकात मरणारी ती पोर, मिसेस टनिक्लिफ? तीन तास रडलात तुम्ही माझ्यासमोर. ती मुलगीही रचलेली का? हेस्टर शिशानं मेली नाही? सांगा ना, सगळ्यांसमोर सांगा!"

हेस्टरला खांदा द्यायला पुरुष कमी पडले होते, म्हणून झिलईखात्यातल्या बायांनीच पेटी उचलली होती. त्या सगळ्या या बाकांवर बसल्या होत्या. एकीनंही मान वर केली नाही. प्रिंगल तेवढा टक लावून तिच्याकडे बघत होता, कधी नव्हे ते.

"हेस्टरला लहानपणापासून फिटा यायच्या," केझाया म्हणाली. "डॉक्टरसाहेबांनी दाखल्यावर लिहिलंय तेच खरं. शिशाचा काही संबंध नाही."

पेपरवाल्यानं लिहून घेतलं. प्रिंगलनं तिला मान लववून नमस्कार केला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं मुकादमाला म्हणाला, "सोमवारी त्या पाच बायांना पुन्हा बघतो मी. घाईत चूक झाली असेल."

केझाया खाली बसली. फीबीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. तिनं केझायाचा हात धरायला हात पुढे केला.

"हात लावू नकोस मला," केझाया म्हणाली.