पास्कीनची सुई

कवांदीला, म्हणजे आमच्या ठिगळांच्या गोधडीला, भूक लागते, हे आम्हा सिद्द्यांत शेंबड्या पोराला पण ठाऊक. कडेनं शिवत शिवत आत यायचं, शेवटी मधे पोट तेवढं उघडं राहतं. त्यात चिमूटभर तांदूळ टाकायचे आणि मग तोंड शिवायचं. एकदा जेवली की ती जन्मभर ऊब देते. उपाशी कवांदी अंगावर घेतली तर ती तुमचीच ऊब खाते, असं म्हातारी माणसं सांगतात. आता मीच म्हातारा झालो, तर मीच सांगतो.

माझी बायको पास्कीन गेली तेव्हा तिच्या पेटीतल्या सगळ्या उपाशी होत्या.

बाई शिवायला वाघीण. टाका असा बारीक की मुंग्यांची रांग. पण एक पोट भरेल तर शपथ. पोराची शिवायला धरली, तर पोरगा ठेकेदाराबरोबर हुबळीला गेला तो तिकडंच लग्न करून बसला. त्याची तशीच राहिली. मग गोव्याला घरकामाला असलेल्या आमच्या पोरीला, फिलूला, दिवस गेले. पास्कीननं पाळण्याएवढी धरली. चारी कोपऱ्यांना कापडाची तिकोनी फुलं आधीच लावून टाकली, इतकी घाई. ते लेकरू काही रडलं नाही. ती कवांदी तिनं घडी घालून पेटीत तळाला ठेवली आणि त्यावर कधी बोलली नाही. मीही नाही.

आणि एक माझी होती. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी धरलेली. कुणाच्या घरी बाळ जन्मलं की पास्कीन माझ्या कवांदीतलं चांगलं ठिगळ उसवायची आणि तिकडं लावायची. मी ओरडायचो, "अगं, मला काय नागडा झोपवणार काय?"

"तुम्हाला कशाला पाहिजे? मी आहे ना शेजारी," म्हणायची. वर हसायची.

तर ती शेजारी होती तोवर चाललं.

यंदा थंडी अशी पडली की सकाळी बागेतल्या सुपारीच्या झावळ्यांवरून दहिवर पावसासारखं गळायचं. बाजारातनं आणलेलं ब्लँकेट आहे माझ्याकडं, वर वाघाचं चित्र. त्याला बसच्या सीटचा वास येतो. ते पांघरलं की वाटतं आपण कुठंतरी चाललोय आणि उतरायचं ठिकाणच येत नाही. म्हणून नाताळाच्या आधी मी पेटी उघडली आणि माझी कवांदी बाहेर काढली. म्हटलं, आता हिच्याखाली झोपायचं. पोट तेवढं शिवायचं राहिलंय, त्यात काय एवढं? उभ्या कड्यावरनं मध काढलाय मी, सुई काय चीज आहे.

कवांदी पसरली तर मधे ताटाएवढी जागा उघडी, आत अस्तराचं जुनं लुगडं दिसतंय. आणि त्या कडेला पास्कीनची सुई खोचलेली, दोऱ्यासकट. पुढचा टाका घालायला सुई आत घातली आणि उठली ती उठलीच, अशी. चुलीवर काही उतू गेलं असेल. नाहीतर त्याच दिवशी दवाखान्यात नेलं असेल. आठवत नाही मला.

त्या सुईला मी हात लावला नाही. दुसरी सुई आणली, एक मोठं ठिगळ घेतलं, बरोबर पोटाच्या मधोमध ठेवलं आणि मधून शिवायला सुरुवात केली. मधून बाहेर. दोन दिवस खपलो.

तिसऱ्या दिवशी मदिनाबी आली. पास्कीनची जिवाची मैत्रीण. ती मशिदीत, ही चर्चात. पण दोघी एकाच आळीतल्या सिद्दी पोरी, एका ताटात जेवलेल्या. म्हणून मला दाजी म्हणते. ओसरीवर आली, कवांदी बघितली आणि खोकला लागेस्तोवर हसली.

"दाजी, हे काय? कवांदी आहे का फणस?"

"का? शिवलंय की."

"मधून शिवलंय! आधी मधलं बंद करता, मग कडेची सगळी चुणी जाईल कुठं? बेंबी कशी वर आलीय बघा. आणि तांदूळ? आधी तोंड शिवलं, मग जेवणार कुठून?"

"तांदळाचं मी विसरलो."

"सगळी दुनिया मधून बाहेर जाते, दाजी. आपण बाहेरून मधे. उभा जन्म बायको समोर बसून शिवत होती, बघितलं काय मग?"

शिवताना मी तिच्याकडं बघायचो. हाताकडं कोण बघतं.

मदिनाबीनं दातानं माझे टाके तोडले आणि म्हणाली, "उद्यापासून दुपारची येईन. चहा करून ठेवायचा. गूळ घालून. तुमच्या त्या पाणचट चहावर मी सुई धरणार नाही."

तशी ती रोज यायची. पाय लांब करून बसायची, कवांदी मांडीवर, तोंडात तंबाखू. कडेला सगळी जुनी ठिगळं, आत येईल तशी नवी. ती बोटानं चाचपत सांगायची.

"ही पास्कूच्या लग्नातली साडी. हे माझं हिरवं. ईदला मी हे दिलं, नाताळाला तिनं मला जांभळं दिलं. हे काळं भोक पडलेलं कसलं?"

"माझा शर्ट. मधाच्या पोळ्याला धूर देताना पेटला होता."

"आणि ही निळी?"

"फिलूच्या शाळेची. सातवीतली. त्यापुढं शाळाच नव्हती."

असं चालायचं. संध्याकाळी ती गेली की ओसरी एवढी मोठी वाटायची की मी उगाच दोनदा झाडायचो.

एकदा चिंध्या हुडकताना तिनं पेटीच्या तळातली लहान कवांदी वर काढली. कोपऱ्यावरच्या फुलावरून अंगठा फिरवला. मी चहाला उठलो. परत आलो तर ती कवांदी घडी करून होती तिथं ठेवलेली आणि मदिनाबी माझ्याकडं न बघता म्हणाली, "गूळ कमी पडला." अजून चहा तिनं चाखलाही नव्हता.

एक भानगड होती. पास्कीनच्या सुईला मी हात लावू देत नव्हतो. मदिनाबी फेरी घालत यायची, सुईच्या अलीकडं थांबायची, पलीकडून पुन्हा धरायची. त्यामुळं पोट गोल राहिलं नाही. सुईच्या बाजूला आंब्यासारखी चोच काढून बसलं. होता होता ते तळहाताएवढं झालं. तेव्हा तिनं कवांदी खाली ठेवली.

"दाजी, आता सुई काढायला पाहिजे."

"राहू दे तिथंच. वरून ठिगळ लाव."

"वेडे झालात? झोपेत टोचेल."

"टोचू दे. जिवंत होती तेव्हा काय कमी टोचायची?"

ती हसली नाही. "माणसाच्या अंथरुणात सुई शिवण्याचं काम मी नाही करणार. मग असंच पडू दे. पेटीत ठेवा. तिथं तीन होत्या, तीन राहू देत. तुम्ही झोपा त्या वाघाखाली."

चपला घालून ती निघालीसुद्धा. मी बघितलं, ती खरंच चालली. उद्याची दुपार मला आत्ताच दिसली, चहाचं एकच भांडं. आणि पेटीतली कवांदी, पोट उघडं टाकून माझी वाट बघणारी.

"मदिने," मी हाक मारली. "ती काढली तर मग तिथं तिचं काय राहिलं?"

ती फाटकाशी थांबली. बराच वेळ तंबाखू चघळली. मग परत येऊन बसली.

"काढून फेकायची कोण म्हणालं? त्याच सुईनं तुम्ही शिवा. दोरा आहे की तिला. तिनं घातलेला."

"माझे हात..."

"तुमच्या हाताचे टाके बघितलेत मी. फणस परवडला. तरी शिवा."

शेवटच्या ठिगळाला तिनं माझ्याच अंगातल्या शर्टाचं शेपूट कापलं, विचारलंसुद्धा नाही. ते बसवून तीन बाजूंनी टाचून दिलं. मी डब्यातले तांदूळ आणले. चिमूटभर आत सोडले. सुई गंजलेली, ओढता ओढेना. मदिनाबीनं दोन बोटांत धरून हळूहळू सोडवली आणि आपल्या केसांत घासली, तेलात. पास्कीन तसंच करायची. मग माझ्या हातात दिली.

माझा पहिला टाका इथं, दुसरा हुबळीला. दोरा सरकत होता, आखूड होत होता, आणि मला बघतानाच कळलं की पुरणार नाही. दोन बोटं जागा राहिली आणि दोरा संपला.

मदिनाबीनं आपलं रीळ उचललं. मी नुसता हात आडवा केला.

"दाजी, तांदूळ सांडतील."

"सांडू देत."

तिनं रीळ खाली ठेवलं. दोऱ्याच्या टोकाला गाठ तेवढी मारून दिली. सुई मी भिंतीवरच्या क्रुसाच्या खिळ्याला बांधून ठेवली. जाताना तिनं कवांदी माझ्या खांद्यावर टाकली. "ऊब आहे," म्हणाली. ती गेल्यावर मी दोनदा ओसरी झाडली.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. येणार कशाला, काम संपलं. तिलाही तिचं घर, तिची नातवंडं. आता कधी बाजाराला जाता येता फाटकातनं ओरडते, "जेवली का आमची पास्कू?"

त्याचं असं आहे. सकाळी उठलो की चटईवर दोन-चार दाणे सांडलेले असतात. कोंबड्यांना कळलंय. दार उघडायच्या आधीच उंबऱ्याशी येऊन उभ्या राहतात. आमच्यात कवांदीला जन्मात एकदाच जेवू घालतात, दुसऱ्यांदा कुणी घातल्याचं मी ऐकलं नाही. माझी रोज जेवते. संध्याकाळी माझ्यापुरता भात शिजायला टाकताना मूठभर तांदूळ धुतो, त्याआधी एक चिमूट कोरडी बाजूला काढतो. मग ती दोन बोटांची फट उघडून आत सोडतो.

रविवारी फिलूचा फोन येतो. विचारते, "बाबा, थंडी फार आहे का? जेवलात का?"

"जेवलो," मी म्हणतो. "दोघं जेवलो."

तिकडून ती म्हणते, "बरं, ठेवते."