एकशे आठव्या मण्याची जागा

मणी ओवायची फळी तिने उलटी धरून टेबलावर आपटली. खाचेतली धूळ पडली, दोऱ्याचे तुकडे पडले आणि मखमलीच्या सुटलेल्या कडेतून एक तपकिरी मणी घरंगळत येऊन चहाच्या कपाला टेकला.

तिने तो उचलून नीट पाहिला. माळा ओवायच्या कामात आजवर लाखभर मणी तिच्या हातांखालून गेले असतील, पण हा दुसऱ्या कशातला असूच शकत नव्हता. हा सासूबाईंच्या काठीचा होता.

सासूबाई गेल्यावर त्यांच्या चालायच्या काठीचं काय करायचं, हे कोणाला सुचेना. टाकवतही नव्हती आणि कोपऱ्यात उभी बघवतही नव्हती. शेवटी तिनेच ती लाकूड कातणाऱ्या कारागिराकडे नेली. त्याने काठी उभी चिरून तिचे मणी पाडून दिले, जपाचे एकशे आठ आणि वर एक मेरुमणी. माळ मेरूपासून सुरू होते आणि मेरूशी येऊन थांबते, तो ओलांडायचा नसतो.

"बाई, एकशे नऊ बसवलेत कसेबसे," कारागीर म्हणाला होता. "जास्तीचा एकही नाही. जपून ओवा."

माळ सासऱ्यांसाठी होती. आणि सासरे म्हणजे वजनमापांचे निवृत्त निरीक्षक, छत्तीस वर्षं दुकानादुकानांतून तराजू तपासत फिरलेला माणूस. बाजार त्यांना काटेसाहेब म्हणायचा आणि त्यांच्या पाठीमागे त्यांचा मुलगाही. बायको गेल्यावर काटेसाहेबांचा काटा जागेवर राहीना. घरात आलेली भाजी ते पुन्हा तोलायचे. भिंतीवरचं घड्याळ अर्धा मिनिट पुढे आहे म्हणून स्टुलावर चढायचे. चहात साखर जास्त झाली की नाक मुरडायचे आणि कमी झाली तरी मुरडायचे. पाच मिनिटं एका जागी बसणं त्यांना जमत नव्हतं; बसले की आतून कोणीतरी ढोसून उठवल्यासारखे उठायचे.

माळ हातात आली आणि ते बसू लागले. खिडकीपाशी लोकरीचं आसन अंथरून रोज सकाळी दहा माळा, असा सव्वाशे दिवसांचा नेम त्यांनी धरला. हळूहळू त्यांचा आवाज उतरला. तराजू फडताळात गेला. चहा कसाही असो, कप रिकामा परत येऊ लागला. घरातल्या माणसांची चवड्यांवर चालायची सवय मोडली.

आज त्या नेमाचा एकशे विसावा दिवस होता, आणि माळेत एक मणी कमी होता.

चूक कशी झाली ते तिला लगेच कळलं, म्हणून ती जास्तच लागली. फळीतल्या खाचेवर एक खूण होती. यंत्रावर केलेले मणी त्या खुणेपर्यंत भरले की बरोबर एकशे आठ होत. तिच्या धंद्यात मणी कोणी मोजत बसत नाही, खाच भरते आणि दोरा ओवते. पण हाताने कातलेले मणी केसभर जाड होते. एकशे सातांतच खाच भरली असणार, आणि उरलेला बिचारा मखमलीखाली जाऊन बसला असणार.

नवरा दारात बुटाच्या नाड्या बांधत होता. तिने मणी त्याच्यापुढे धरला आणि सगळं सांगितलं.

"अगं, वरचे आठ चूकभूल म्हणूनच असतात ना?" तो म्हणाला. "एका माळेचे शंभरच धरतात."

"हे तू तुझ्या बाबांना जाऊन सांग."

"मी? मला उशीर झालाय." एरवी दुसरा चहा घेतल्याशिवाय न हलणारा माणूस मिनिटभरात जिन्याखाली पोचला.

ती फळीपुढे बसून राहिली. गप्प बसता आलं असतं, पाचच दिवस उरले होते. दुपारी ते झोपले की माळ काढून पुन्हा ओवता आली असती, पाव तासाचं काम. तिने सुईत दोरासुद्धा ओवून ठेवला. पण जन्मभर खोटी मापं पकडलेल्या माणसाच्या घरात, त्याच्याच माळेशी अशी लपवाछपवी करायला तिचा हात धजेना. आणि खरं सांगायचं तर ते रागावतील याची तिला तेवढी भीती नव्हती. झालेला सगळा जप वाया गेला असं समजून ते आसनावरून उठतील, फडताळातून तराजू काढतील आणि पुन्हा कधी बसणारच नाहीत, ही तिची भीती होती.

आतल्या खोलीत जप संपल्याची चाहूल लागली, तशी ती मणी मुठीत धरून गेली. ते आसनाची घडी घालत होते.

"बाबा, एक सांगायचं होतं."

"बोल."

तिने मूठ उघडली. मनात जुळवलेली वाक्यं केव्हाच पळाली होती.

"तुमच्या माळेतला आहे. माझ्याकडून एक कमी ओवला गेला. मी मोजले नाहीत, खाचेवर विसंबले. तुमचा इतक्या दिवसांचा नेम माझ्यामुळे..."

त्यांनी मणी घेतला, सवयीने उजेडापुढे धरून त्याच्या भोकातून पाहिलं आणि तळहातावर फिरवला.

"कुठे होता?"

"फळीच्या मखमलीखाली."

"असं होय. आणि मी आपला त्या लाकूडवाल्यावर संशय घेऊन बसलोय."

याचा अर्थ लागायला तिला जरा वेळ गेला.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"सूनबाई, छत्तीस वर्षं मी काय माशा मारत होतो? पहिल्याच दिवशी, पहिल्याच माळेला कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलणारच होतो. चांगलं तावातावाने." ते खिडकीच्या कट्ट्यावर टेकले. "म्हटलं, ही माळ पुरी करू आणि मग उठून हिची कानउघाडणी करू. एकशे सात झाले. पुढे बोट गेलं ते थेट मेरूवर. तो ओलांडायचा नाही, आणि एक नाम तर राहिलेलं. मणीच नाही, तर घेऊ कशावर? म्हणून नुसता बसलो. श्वास आत गेला, बाहेर आला. तेवढ्या वेळात डोक्यात काही आलंच नाही बघ. तिचं हॉस्पिटलसुद्धा नाही. ती गेल्यापासून पहिल्यांदा."

त्यांनी मणी या हातातून त्या हातात घेतला.

"दुसऱ्या माळेला म्हटलं, पुन्हा बघू. पुन्हा तसंच झालं. दिवसभर मी त्या एका जागेची वाट बघायला लागलो. तुला सांगितलं असतं, तर तू लगेच दुरुस्त करून दिली असतीस."

"पण मग मोजणी?"

"मोजणी बरोबर आहे. एकशे सात नामं आणि एक श्वास. रोज तपासतो." त्यांनी तिच्याकडे नोकरीतल्यासारखं रोखून पाहिलं, आणि मग त्यांना स्वतःलाच हसू आलं. "नोकरीत असतो तर तुझी फळी जप्त केली असती. जन्मात एवढं एकच माप मी सोडून दिलंय."

तिचा जीव भांड्यात पडला आणि ती तिथल्याच स्टुलावर बसली. डोळे भरून आले ते तिने ओढणीने पुसले. ते तोवर खिडकीबाहेर बघत राहिले, बाहेर बघण्यासारखं काही नसताना.

"हा तुझ्याकडेच राहू दे," मणी परत देत ते म्हणाले. "माझी जागा भरू नकोस. आणि चहा टाक जरा."

"साखर किती?"

"घाल तुझ्या अंदाजाने."

चहा देऊन ती आपल्या टेबलापाशी परतली. वीस माळा संध्याकाळपर्यंत द्यायच्या होत्या. मणी यंत्रावरचे, एकसारखे. खाच भरली असती तर काम झालं असतं. पण आज तिने एकेक मोजून ओवायला घेतला. काठीचा मणी समोरच कपाजवळ होता. एकशे सात झाले. पुढचा मणी सुईच्या टोकावर आला आणि तिचा हात थांबला.

सासूबाईंच्या आजारपणापासून तिचे हात रिकामे असे राहिलेच नव्हते. तिने श्वास घेतला आणि सावकाश सोडला. मग एकशे आठवा मणी दोऱ्यात सरकवला आणि गाठ मारली.