गुडघ्याखालची उशी

आमच्या घरात प्रेम फार. नुसतं ऊतू जातं. सासऱ्यांचा डावा पाय गुडघ्याखाली कापला, त्या दिवशी नणंदबाईंनी दवाखान्याच्या व्हरांड्यात असा काही हंबरडा फोडला की वॉर्डबॉय पाण्याचा ग्लास घेऊन धावला तो त्यांच्याकडेच. माझा नवरा पाठ फिरवून खिडकीशी उभा होता. त्याला जखम बघवत नाही म्हणे. तशी त्याला घासायची भांडीही बघवत नाहीत, पण ते असो.

सासरे शिवणाच्या दुकानात कटिंग मास्तर. बाजारात त्यांना कुणी नावाने ओळखत नाही, मास्तर म्हणूनच ओळखतात. उंच टेबलाशी उभं राहायचं, एका हाताने कापड ताणून धरायचं आणि दुसऱ्या हाताने कात्री चालवायची, यात त्यांचा जन्म गेला. साखरेच्या दुखण्याने अंगठा काळा पडला, ते काळं वर सरकत गेलं आणि शेवटी पाय काढावा लागला. शुद्धीवर आल्यावर त्यांनी सर्जनला एवढंच विचारलं, "टेबलाशी उभा राहीन ना? कुबड्या नकोत. हात कुबड्यांत अडकले तर कात्री काय दातांत धरू?"

"गुडघा वाचवलाय," सर्जन म्हणाले. "तो सरळ राहिला तर कृत्रिम पाय बसेल. हात मोकळे."

घरी सोडताना फिजिओथेरपिस्ट बाईंनी आम्हा सगळ्यांना पलंगाभोवती उभं केलं. "गुडघ्याखाली उशी ठेवायची नाही. उशीने बरं वाटतं, म्हणूनच सांगतेय. गुडघा वाकलेला राहिला की तसाच आखडतो." सगळ्यांनी माना डोलावल्या. माना डोलावण्यात आमच्या घराचा कुणी हात धरणार नाही.

दुसऱ्याच दिवशी नणंदबाई उशी घेऊन हजर. कापूस पिंजून भरलेली, अभ्र्यावर फुलं काढलेली. वडिलांसाठी रात्रभर जागून केली, हे त्यांनी आल्या आल्या सांगितलं. शेजारच्या काकूंनाही सांगितलं.

"ताई, उशी नको म्हणालेत ना," मी म्हटलं.

"अगं, थोडाच वेळ. माणूस आहेत ते, लाकूड नाही."

मी उशी काढली. मी कामावर गेले की त्या येऊन ठेवायच्या. संध्याकाळी बघावं तर मास्तर डोळे मिटून पडलेले, गुडघा उशीवर ऐटीत वर, आणि पलीकडच्या खुर्चीत माझा नवरा मोबाइल बघत बसलेला.

"तू का नाही काढलीस?"

"ताईला कोण दुखवणार? आणि बाबांनाही बरं वाटतंय."

बरं वाटतंय! या दोन शब्दांवर आमचं अख्खं घर चाललंय. पायाला आकार यावा म्हणून घट्ट बांधायची पट्टी नणंदबाई सैल करायच्या, का, तर बाबांना बरं वाटतं. एकदा मास्तरांना नसलेल्या पावलाची बोटं दुखायला लागली. तसं होतं, हे फिजिओथेरपिस्ट बाईंनी आधीच सांगितलं होतं. कापलेल्या पायाच्या उरलेल्या भागावर मऊ कापडाने हळूहळू थोपटा, असंही सांगितलं होतं. नणंदबाईंनी काय करावं? पाय जिथे नव्हता तिथली चादर चोळत बसल्या. डोळ्यांतून घळाघळा पाणी. माझ्या नवऱ्याने तेवढ्यात फोटो काढला आणि सगळ्या नातेवाइकांना पाठवला. कौतुकाचा नुसता पाऊस पडला.

मास्तरांवरही माझा राग होताच. उशी दूर सारायला त्यांचे हात काही कापलेले नव्हते. मी तसं म्हटलंही. ते म्हणाले, "पोरीचं मन मोडवत नाही." हा माणूस गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायचा की तुमचं पोट सुटलंय, कापड जास्त लागेल. आणि मुलीपुढे गोगलगाय.

मग कृत्रिम पायाचं माप द्यायला केंद्रावर जायचा दिवस आला. सगळं घर नटूनथटून निघालं, पेढे तेवढे घ्यायचे राहिले. प्लॅस्टरने पांढरे झालेले हात पुसत तिथल्या कारागिराने मास्तरांना उताणं झोपवलं आणि गुडघा खाली दाबला. गुडघा खाली जाईना. त्याच्या खालून मूठ आरपार जाईल एवढी फट होती.

"हा सरळ होईपर्यंत माप घेण्यात अर्थ नाही," तो म्हणाला.

"असं कसं? आम्ही बाबांना फुलासारखं जपलंय!" नणंदबाई म्हणाल्या.

"दिसतंय ते," तो म्हणाला आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

 रिक्षात मास्तर घरी येईपर्यंत दोन्ही हात मांडीवर उपडे ठेवून त्या हातांकडेच बघत होते. मला भडाभडा बोलायचं होतं. ते हात बघितले आणि रिक्षावाल्याला खड्डे चुकवायला सांगितलं.

फिजिओथेरपिस्ट बाई घरी आल्या. कापलेल्या पायाच्या टोकाखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची आणि अधांतरी गुडघा हाताने हळूहळू खाली दाबायचा, हे त्यांनी दाखवलं. "दुखेल. दुखणारच. झटका द्यायचा नाही, पण सोडायचंही नाही. रोज करा, अजून वेळ गेलेली नाही. कोण करणार?"

माझ्या नवऱ्याला नेमका तेव्हा फोन आला. नणंदबाई पुढे झाल्या. मास्तर पहिल्यांदा कण्हले मात्र, ताईंनी हात काढला, वडिलांच्या छातीवर डोकं ठेवून रडल्या आणि उशी शोधू लागल्या.

मी त्यांना बाजूला केलं आणि दाबायला लागले. मास्तरांच्या कपाळावर घाम आला, ओठ दातांत गेला.

"कसाई आहेस!" नणंदबाई ओरडल्या. "सोड त्यांना!"

"तू घरी जा," मास्तर म्हणाले. मला वाटलं मलाच. पण ते लेकीकडे बघत होते. "जा बाळा. ही करेल. हिला माझी कीव येत नाही."

त्यांनी ती मला शाबासकीच दिली होती, कळत होतं मला. तरी काळजाला लागलं. कीव येत नाही? माझ्या तळव्याखाली त्यांचा गुडघा थरथरत होता आणि मला समोरचं नीट दिसत नव्हतं. पण या घरात रडायला माणसं पुष्कळ होती. मी हात तसाच ठेवला.

"श्वास सोडा, बाबा," मी म्हटलं. "अजून थोडं."