दोन म्हशींची ट्रॉली

“ह्या पत्र्यार म्हशीचो पाय खय टिकतलो? म्हस आपाटली तर कोणाच्या नावान बोंब मारूची?”

मालन वन्सं हे सुगंधेच्या कानाशीच पुटपुटल्या, पण अशा बेतानं, की दहा पावलांवरच्या भावाला, गुणाजीला, ऐकू जाऊ नये, आणि गेलंच तर आपण काही बोललोच नाही असं म्हणता यावं. सुगंधेनं मान हलवली. गेले तीन रविवार ती मानच हलवत होती.

मुलुंडला भीमराजचा वेल्डिंगचा गाळा होता. खिडक्यांच्या जाळ्या, टेम्पोच्या बॉड्या आणि कुणी मागितली तर ट्रॉली. गाळ्यासमोरच्या मोकळ्या जागेत दोन ट्रॉल्या उभ्या होत्या. एक उंच, मूळची विटांसाठी केलेली, स्वस्त. दुसरी बुटकी, चारी बाजूंनी गज लावलेली. तिचा मागचा फाळका खाली सोडला की जमिनीला टेकायचा आणि जनावराला त्यावरून चढता यायचं. गुणाजी तीन रविवार या दोघींभोवती फिरत होता. मुलगी बघायला गेला होता तेव्हा चहा संपायच्या आत होकार देऊन मोकळा झालेला माणूस! सुगंधेला त्या आठवणीनं हसू आलं, आणि ते तिनं पदराआड दाबलं.

गुणाजीनं बावीस वर्षं मिलमध्ये साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवले होते. मग संप झाला. तो धड जिंकला नाही, धड मिटलाही नाही. मिलचा भोंगा मात्र परत वाजला नाही. दोन वर्षं घर सुगंधेच्या पगारावर चाललं आणि त्याबद्दल घरात कुणी चकार शब्द काढला नाही. ती कामावरून यायच्या वेळेला गुणाजी चहा करून ठेवी. चांगला करी, आलं ठेचून. पण दार लावून करी, आणि ती आली की कप तिच्यापुढे सरकवून उगाच बाहेर निघून जाई.

मग कुठून तरी त्याच्या डोक्यात म्हशी आल्या. तबेलेवाले आटलेल्या म्हशी देवनारच्या कत्तलखान्यात धाडतात. त्या आधीच उचलायच्या, कणकवलीच्या बाजूला आपल्या गावी न्यायच्या, गाभण करायच्या, दूध तालुक्याला घालायचं. चुलतभाऊ धाकूकडे जुनी जीप होती. तिला जोडायला ट्रॉली हवी. मिलकडून हातात पडलं होतं ते त्यासाठी पुरणार होतं. बेत तसा वाईट नव्हता. दोन वर्षांनी गुणाजीचा आवाज पहिल्यासारखा खणखणीत झाला होता. खोलीच्या फरशीवर त्यानं खडूनं ट्रॉली आखली होती, खरीखुरी, मापाची. सुगंधा त्या रेघांच्या आत बसून भाकऱ्या भाजायची, आणि फरशी पुसताना रेघा पुसू नयेत म्हणून जपायची.

फक्त एक गोष्ट कुणी बोलत नव्हतं. गुणाजीच्या हाताला म्हैस पान्हा सोडत नसे. लहानपणापासून नाही. बैल, रेडा, कुत्रा, सगळे त्याच्यामागे येत, पण तो कासेखाली बसला की म्हैस पाय झाडे आणि सगळी वाडी हसे. सुगंधा मात्र चार म्हशींच्या घरातून आलेली. शाळेत जाण्याआधी दोघींचं दूध काढून जाई. म्हणजे ट्रॉली, जीप, तालुक्याचं दूध हे सगळं तिच्या दहा बोटांवर उभं होतं. आणि त्या बोटांना काही वेगळंच काम होतं.

औषधाच्या कंपनीत ती अकरा वर्षं तपासणीला होती. दिव्यासमोर काचेची कुपी धरायची, हलकेच उलटी करायची, आत केसाएवढा धागा जरी तरंगला तरी बाजूला काढायची. साहेब दुसऱ्या मुलींनी पास केलेल्या कुप्या कधीकधी तिच्याकडे परत पाठवी. ती नोकरी ती पहिल्या तारखेला सोडणार, हे तिला शेजारच्या शुभाताईंकडून कळलं. शुभाताई म्हणाल्या, सुटलीस बाई एकदाची, आता मोकळ्या हवेत राहशील. गुणाजीनं अख्ख्या चाळीला सांगितलं होतं; तिला सांगायचं राहून गेलं होतं, किंवा सांगायची गरज आहे असं त्याला वाटलंच नव्हतं.

त्या दिवशी ती बोलणार होती. शब्दही जुळवले होते. तेवढ्यात गुणाजी कुठून तरी खवल्यांच्या पत्र्याचा तुकडा घेऊन आला आणि तळाला हा लावला तर खूर घसरत नाहीत असं सांगताना लहान पोरासारखा हसला. तिनं तो तुकडा हातात घेऊन पाहिला. ती बोलली असती तर तो गप्प झाला असता, आणि गप्प गुणाजी तिनं दोन वर्षं पाहिला होता. तेव्हापासून तिचं असं झालं होतं, की पुढे जायला वाट नाही आणि मागे वळायला जागा नाही.

या रविवारी बुटकी ट्रॉली पक्की झाली. पण भीमराजला मधला आडवा दांडा कुठे लावायचा ते माप हवं होतं. म्हशीची रुंदी किती धरू, असं त्यानं विचारलं. गुणाजीनं हात पसरून दाखवले. ही म्हैस आहे की मालगाडी, असं भीमराज म्हणाला. मग कुणीतरी आत उभं राहून बघावं असं ठरलं. वन्संनी आपण म्हैस दिसतो का, एवढंच विचारलं. सुगंधा फाळक्यावरून आत चढली.

“वहिनी, जरा डावीकडे. आता दुसरी म्हैस व्हा,” भीमराज म्हणाला.

ती उजवीकडे सरकून दुसरी म्हैस झाली. फाळका नीट बसतो का ते बघायला गुणाजीनं तो उचलून लावला आणि दोन्ही खिट्ट्या ठोकल्या. ऊन गजांतून पट्ट्यापट्ट्यांनी आत पडलं.

“पुढचो कोपरो बघ गे,” तो गजांतून म्हणाला. आवाजात लपवलेली गंमत होती.

पुढच्या कोपऱ्यात एक फळी बसवली होती. हातभर रुंद, कडा घासून गुळगुळीत केलेल्या, वर धरायला कडी.

“तुझ्यासाठी. म्हशी बिथारतत ना वाटेत. ओळखीचा माणूस वांगडा, सोबतीक असला की गप ऱ्हवतत. फळी मीच घासलंय, पातळ लुगड्याक कूस लागता नये म्हणान.”

सुगंधेनं फळीवरून हात फिरवला. खरंच कूस नव्हती. साच्याच्या धोट्यासारखी घासली होती. लग्नापासून त्यानं तिला दिलेल्या वस्तूंमध्ये इतकी मन लावून केलेली दुसरी नव्हती. तिनं बसून पाहिलं. डोक्यावर गज, समोर गज, आणि उरलेल्या जागेत दोन म्हशी.

तिला खाली उतरायचं होतं, पण वन्संनी घड्याळ पाहिलं. साडेचारला राहुकाळ लागणार. इसार द्यायच्या आधी गाऱ्हाणं झालंच पाहिजे. सुगंधा आत आहे तशीच राहू दे, घरची लक्ष्मी ट्रॉलीत बसलेली शुभच. पिशवीतून नारळ निघाला. भीमराज घाटावरचा, त्याला वन्संनी समजावलं, की गुणाजी देवाला मागणं घालील आणि दर मागण्यानंतर आपण सगळ्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. सगळ्यांनी म्हणजे सगळ्यांनी. एकाचं जरी राहिलं तरी मागणं लंगडं होतं.

गुणाजी चपला काढून जीपला जोडायच्या दांड्यापाशी उभा राहिला. नारळ दोन्ही हातांत धरला, डोळे मिटले.

“बा देवा म्हाराजा! आज ह्या तुझ्या लेकरान ही गाडी घेवची ठरवल्यान हा, तेका यश दी रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा,” वन्सं म्हणाल्या. “व्हय म्हाराजा!” भीमराज कंदुरीच्या मटणाच्या पंगतीला बसल्यासारखा ओरडला. सुगंधाही म्हणाली. मनापासून म्हणाली.

“वाटेत काय आडानडा येत असात, कोणाची वायट नदर लागत असात, तर ती दूर कर रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा.”

“मुक्या जनावरांक उदंड आयुष्य दी रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा.”

गुणाजीचा आवाज जरा ओला झाला. “आणि ही सुगंधा. दोन वर्सां हिणा एकटीन घर ओढल्यान. आता नोकरी सोडून आपल्या घराक येता हा. तिच्या हाताक गुण दी, तिका गावच्या घरात सुखान नांदव रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा,” वन्सं म्हणाल्या. “व्हय म्हाराजा!” भीमराज म्हणाला.

सुगंधेचं ‘व्हय’ राहिलं. गुणाजी डोळे मिटून थांबला होता. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यानं त्या पगाराचं नाव काढलं होतं, तेही देवासमोर. वन्संनी गजांतून बोट घालून सुगंधेच्या गुडघ्याला टोचलं. व्हय म्हण गे.

माणसांशी ती तीन रविवार मान हलवून खोटं बोलली होती. ते जमलं होतं. पण गाऱ्हाण्यात हो म्हटलं की ते म्हटलं. ते मागे घेता येत नाही, हे तिला आईच्या मांडीवर बसल्यापासून माहीत होतं.

गुणाजीनं डोळे न उघडताच मागणं पुन्हा घातलं, या खेपेला हळू. “तिका सुखान नांदव रे म्हाराजा.”

सुगंधा फळीवरून उठली. एका हातानं कडी धरली. ती गुणाजीकडे बघून बोलली नाही. त्याच्या हातातल्या नारळाकडे बघून बोलली.

“नाय म्हाराजा. गाडी चांगली हा, ह्यांका यश दी. पण मी ह्यांच्या वांगडा येवचंय नाय. माका माझी नोकरी व्हयी.”