सुशांतच्या घरचा ओला कचरा

शी! डिटेक्टिव्ह व्हायचं म्हणून सुट्टीत सुमती मावशीकडे आले, तर पहिल्याच केसमध्ये दुसऱ्याचा कचरा! मावशी आणि पोलिसातून रिटायर झालेले उदयसिंह काका नवीन पनवेलमध्ये लग्नाआधीच्या चौकशा करतात. यावेळी मितालीताईच्या बाबांना होणारा जावई तपासून हवा होता. सुशांत. घरात फक्त तो आणि आई, सून राणीसारखी राहील, असं त्या आईने सांगितलेलं.

सुशांतची आई घंटागाडीत पिशवी टाकून वर गेली, तशी काकांनी पिशवी उचलून माझ्यापुढे वर्तमानपत्रावर उपडी केली. कोळंबीची सालं, सडकी पपई, वर घोंघावणाऱ्या माशा. मी नाक दाबून मागे सरले.

"काका, मी फक्त कागद बघते."

"कागद मीसुद्धा बघितले असते गं. हात घाल."

"त्यापेक्षा बीजगणित द्या!"

"तोंड बंद ठेव, माशी जाईल," मावशी म्हणाली.

घातला हात. तळाशी गाठ मारलेली काळी पिशवी. आत मोठ्या माणसाचे वापरलेले डायपर आणि लघवीची पिशवी, नळीसकट. ईईई!

मावशी हसायची थांबली. "आई तर धडधाकट आहे. मग अंथरुणावर कोण?"

काकांनी वॉचमन जगनला गाठलं. तो म्हणाला, "सुशांतचा आजा हाय ना, मागच्या खोलीत. पावणे आले का भायेरून कडी लावतात."

कडी! डायपर त्यापुढे काहीच नाही.

संध्याकाळी मितालीताईच्या घरी जाऊन तिच्या बाबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "एवढंच ना? म्हातारा किती दिवस काढणार? फ्लॅट केवढा आहे बघा. मितालीला सांगू नका हं."

जो काम देतो त्यालाच सांगायचं, हा मावशीचा नियम. तिने मान डोलावली. काकांनीही! माझे गुरू, दोघंही!

तेवढ्यात मितालीताई चहा घेऊन आली.

"ताई, सुशांतचे आजोबा मागच्या खोलीत अंथरुणावर आहेत. पाहुणे आले की त्यांना कोंडतात. लग्नानंतर त्यांचं सगळं तू करायचंस, आणि तुला सांगायचं नाही म्हणे."

मावशीने मला जोरात चिमटा काढला. काढू दे.

ताईने ट्रे ठेवला. "आजोबा? अगं, त्यांच्या फोटोला हार घातलाय. मला नमस्कार करायला लावला होता."

ती बाबांकडे वळली.

"बाबा, नकार तुम्ही कळवताय की मी?"

ते बिस्कीट चहात बुडवत राहिले. ताईनेच फोन लावला, स्पीकरवर.

"बोल गं राणी," सुशांतची आई म्हणाली. काय तो गोड आवाज! शी!